रजोनिवृत्तीतील गरम वाफा आणि स्त्रीचे हृदय

सलग बारा महिने मासिक पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र धरते. त्यामुळे तिची तारीख नेहमी वर्षभर उशिराच कळते. जगभर हे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे. भारतीय स्त्रियांमध्ये ते ४६-४७, म्हणजे चार-पाच वर्षे अलीकडे येते. त्याआधीची काही वर्षे पाळी पुढेमागे होऊ लागते, कधी अंगावरून खूप जाते, कधी दोन-दोन महिने पत्ता नसतो. याच काळात बहुतेकींना गरम वाफांचा त्रास सुरू होतो. छातीतून किंवा मानेतून एकाएकी उष्णता वर चढते, चेहरा लाल होतो, धडधडते, कपाळावर आणि पाठीवर घाम फुटतो आणि दोन-चार मिनिटांत सगळे ओसरून उलट थंडी वाजते. हेच रात्री घडले की पांघरूण फेकले जाते, थोड्या वेळाने पुन्हा ओढले जाते, आणि मोडलेली झोप काही लागत नाही.

फार काळ डॉक्टरांनी आणि घरच्यांनीही या वाफांकडे वयाचा एक त्रासदायक पण निरुपद्रवी भाग म्हणून पाहिले. गेल्या वीसेक वर्षांतील संशोधनाने त्या समजाला धक्का दिला आहे. ज्या स्त्रियांना वाफा वारंवार आणि दीर्घकाळ येतात, त्यांच्या रक्तवाहिन्यांची स्थिती सरासरीने बरी नसते, असे अनेक अभ्यासांत दिसले. याचा अर्थ वाफांमुळे हृदयविकार होतो असा नाही. तो नेमका काय आहे हे कळण्यासाठी आधी वाफ कशी निर्माण होते ते पाहावे लागते.

शरीराचे तापमान राखण्याचे काम मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या छोट्या भागाकडे असते. तापमान एका मर्यादेत खालीवर झाले तर तो काहीच करत नाही. वरची सीमा ओलांडली तर घाम सुटतो, खालची ओलांडली तर शरीर थरथरते. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट फ्रीडमन यांनी या दोन सीमांमधली पट्टी प्रयोगशाळेत मोजली. वाफा न येणाऱ्या रजोनिवृत्त स्त्रियांत ती सुमारे ०.४ अंश सेल्सिअस रुंद होती, तर वाफा येणाऱ्यांत जवळजवळ शून्य. अशा स्थितीत चहाचा एक कप, स्वयंपाकघरातली धग किंवा नुसता मनस्तापही सीमा ओलांडायला पुरतो. मेंदूला वाटते की शरीर तापले. लगेच त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, बोटांचे तापमान काही अंशांनी चढते, नाडीचे ठोके मिनिटाला सात ते पंधराने वाढतात आणि घामावाटे उष्णता बाहेर टाकली जाते. प्रत्यक्षात जादा उष्णता नसतेच, म्हणून तापमान गरजेपेक्षा खाली जाते आणि हुडहुडी भरते.

ही पट्टी अरुंद का होते याचे उत्तर मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंतून मिळाले. ॲरिझोना विद्यापीठातील नेओमी रॅन्स यांना १९९० च्या सुमारास दिसले की रजोनिवृत्त स्त्रियांच्या हायपोथॅलॅमसमधील एका ठरावीक ठिकाणच्या चेतापेशी फुगलेल्या आहेत. या पेशी किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन अशी तीन रसायने तयार करतात. एरवी इस्ट्रोजेन त्यांना आवरून धरते. अंडाशयांतून इस्ट्रोजेन येणे कमी झाले की त्या मोकाट सुटतात आणि शेजारच्या तापमान-केंद्राला सतत डिवचत राहतात. मूलभूत संशोधनातून औषध निघायला तीस वर्षे लागली: न्यूरोकायनिनचा मार्ग अडवणाऱ्या फेझोलिनेटंट या गोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये मान्यता दिली. ती संप्रेरक नाही. मात्र यकृतावर परिणाम होण्याचा धोका असल्याने ती घेताना रक्ततपासण्या कराव्या लागतात.

वाफा किती वर्षे टिकतात याविषयी ‘वर्ष-दोन वर्षे’ हे उत्तर पुस्तकांतही असे. ते खोटे ठरवले ‘स्वान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी अभ्यासाने. १९९६-९७ मध्ये बॉस्टन, शिकागो, डेट्रॉइट, पिट्सबर्ग, नेवार्क, ओकलंड आणि लॉस एंजेलिस या सात ठिकाणच्या ४२ ते ५२ वयाच्या ३,३०२ स्त्रियांची नोंद झाली आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्यांच्या तपासण्या होत राहिल्या. ज्यांना वारंवार वाफा येत, त्यांच्यात हा त्रास मध्यमानाने ७.४ वर्षे चालला. कृष्णवर्णीय स्त्रियांत तो १० वर्षांहून जास्त, तर जपानी वंशाच्या स्त्रियांत ५ वर्षांहून कमी होता. पाळी अजून येत असतानाच ज्यांच्या वाफा सुरू झाल्या, त्यांच्या सर्वांत जास्त टिकल्या. म्हणजे शरीर सात-आठ वर्षे एखादी गोष्ट दिवसातून अनेकदा करत असते, आणि तीही रक्तवाहिन्या आणि हृदयाची गती यांनाच हाताशी धरून. हे लक्षात आल्यावर हृदयाचा प्रश्न कोणीतरी विचारणारच होते.

त्या प्रश्नाची दुसरी बाजू वाफांशिवायही उभी होती. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रीला हृदयविकाराचा धोका त्याच वयाच्या पुरुषापेक्षा बराच कमी असतो. जगभरातील ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा आला. इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातील पेशींना नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावते. त्यामुळे वाहिनी गरजेनुसार सैल पडते. इस्ट्रोजेन ओसरले की ही लवचीकता घटते. पण त्याहून ठळक बदल रक्तातील मेदाचा आहे. ‘स्वान’मध्ये असे आढळले की शेवटच्या पाळीच्या आधीचे आणि नंतरचे एक-एक वर्ष मिळून वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, झपाट्याने चढते. ही चढण केवळ वय वाढल्याने होणारी नसते, शेवटच्या पाळीभोवतीच ती एकवटलेली दिसते. याच काळात मांड्या-नितंबांवरची चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि हृदयाभोवतीही साचू लागते. वजनाच्या काट्यावर फारसा फरक दिसत नाही, पण साडीचा परकर किंवा सलवारीची नाडी घट्ट होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० मध्ये खास रजोनिवृत्तीच्या संक्रमणकाळावर निवेदन काढले, तेही याच कारणाने: धोका वाढण्याची ही वर्षे आहेत आणि नेमकी हीच वर्षे तपासणीत निसटतात.

कोलेस्टेरॉल वाढते तेव्हा काहीच जाणवत नाही. रक्तदाबाचेही तेच. या संपूर्ण बदलातला एकच भाग स्त्रीला स्पष्टपणे कळतो, तो म्हणजे वाफा. म्हणून त्या आणि न जाणवणारे बदल यांचा एकमेकांशी संबंध आहे का, हे तपासणे पिट्सबर्ग विद्यापीठातील रिबेका थर्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले.

त्यांनी वापरलेली एक पद्धत अशी. स्त्रीच्या हातावर रक्तदाबाचा पट्टा पाच मिनिटे घट्ट फुगवून ठेवतात, म्हणजे हातातला रक्तपुरवठा थांबतो. मग पट्टा एकदम सोडतात. रक्ताचा लोंढा आत शिरतो, आणि दंडातील धमनी त्याला वाट देण्यासाठी किती टक्के रुंदावली हे अल्ट्रासाउंडने मोजतात. निरोगी अस्तर असलेली धमनी चटकन फुलते, बिघडलेली तशीच राहते. २००८ मध्ये ‘स्वान’मधील सुमारे पाचशे स्त्रियांच्या तपासणीत वाफा येणाऱ्यांची धमनी कमी फुलली आणि त्यांच्या महाधमनीत कॅल्शियमचे थर अधिक दिसले. पुढे त्यांनी मानेतील कॅरोटिड धमनीच्या भिंतीची जाडी मोजली. ही जाडी मिलिमीटरच्या अंशांत असते, पण ती वाढणे म्हणजे धमनी म्हातारी होऊ लागल्याची खूण.

या अभ्यासांतला सर्वांत उपयोगी भाग मोजणीचा आहे. वाफा किती आल्या हे नुसते विचारून चालत नाही. रात्री झोपेत आलेल्या कितीतरी वाफा सकाळी आठवत नाहीत, आणि दिवसा कामाच्या घाईत त्या लक्षातही राहत नाहीत. म्हणून छातीच्या मधल्या हाडावर इलेक्ट्रोड लावून त्वचेची विद्युतवाहकता नोंदवली गेली. वाफ आली की तिथला घाम अर्ध्या मिनिटात वाहकता झपकन वाढवतो आणि यंत्र ती टिपते. धूम्रपान न करणाऱ्या सुमारे ३०० स्त्रियांवर अशा पद्धतीने काम झाल्यावर, ज्यांच्या वाफा जास्त, त्यांच्या कॅरोटिडची भिंत जाड असे दिसले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन आणि रक्तातील इस्ट्रोजेनची पातळी हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. म्हणजे ‘इस्ट्रोजेन कमी, म्हणून दोन्ही’ एवढे सोपे उत्तर इथे पुरत नाही. याच गटातील ४० ते ५३ वयाच्या, तुलनेने तरुण स्त्रियांत धमनी फुलण्याची क्षमताही वाफांसोबत घटलेली आढळली.

धमनीची भिंत जाड होणे आणि झटका येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्ष झटके, पक्षाघात, हृदय निकामी होणे आणि अडथळे काढण्याच्या शस्त्रक्रिया यांची मोजदाद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ३,१०० स्त्रियांचा वीस वर्षांचा हिशेब होता. सुरुवातीला दोन आठवड्यांपैकी सहा किंवा अधिक दिवस वाफा येणाऱ्यांत अशा घटनांचा धोका, वाफा न येणाऱ्यांच्या तुलनेत, ५१ टक्क्यांनी जास्त निघाला. ज्यांच्या वाफा पुढेही वारंवार येत राहिल्या, त्यांच्यात ७७ टक्क्यांनी. हे आकडे बातमीत आले की धडकी भरते, पण ते सापेक्ष आहेत. या वयोगटात मुळात फार थोड्या स्त्रियांना झटका येतो. त्या थोड्यांची संख्या दीडपट झाली तरी ज्यांना वाफा येतात त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना काहीही होत नाही.

शिवाय सगळे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवत नाहीत. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी प्रकल्पातील सुमारे साठ हजार स्त्रियांच्या माहितीवरून २०११ मध्ये उलटच निघाले: पाळी जाण्याच्या सुमारास वाफा आलेल्यांत हृदयविकाराचा धोका वाढलेला नव्हता, पक्षाघात तर कमीच होते, धोका होता तो उतारवयात नव्याने वाफा सुरू झालेल्यांना. २०२० मध्ये अनेक देशांच्या सहा अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज झाली, तेव्हा वाफा किती वेळा येतात यापेक्षा त्या किती तीव्र आहेत याचा हृदयाशी संबंध जास्त दिसला. अशा विसंगतींमागे एक साधे कारण असते. प्रत्येक अभ्यासाने प्रश्न वेगळा विचारला, स्त्रियांचे वय वेगळे होते, आणि काहींनी वीस-तीस वर्षांपूर्वीच्या वाफा आठवून सांगितल्या होत्या.

मग वाफ म्हणजे कारण की खूण? तीन शक्यता मांडल्या जातात. पहिली, वाफेत शरीराला सावध करणारी अनुकंपी चेतासंस्था पुन्हा पुन्हा जागी होते, हृदयाला शांत ठेवणाऱ्या व्हेगस चेतेचा लगाम तेवढा वेळ ढिला पडतो आणि वर्षानुवर्षांच्या या हेलकाव्यांनी रक्तवाहिन्यांचे नुकसान होते. दुसरी, मोडणारी झोप हा मधला दुवा आहे. अपुऱ्या झोपेचा रक्तदाबाशी आणि साखरेशी असलेला संबंध वेगळाच सिद्ध आहे. तिसरी, अस्तर आधीच बिघडलेल्या स्त्रीला वाफाही जास्त येतात आणि पुढे हृदयविकारही, दोन्हींचे मूळ एकच. धूम्रपान, जादा वजन आणि दीर्घकाळची चिंता या तिन्ही गोष्टींनी वाफाही वाढतात आणि धोकाही. पुरावा तिसऱ्या शक्यतेकडे अधिक झुकतो असे म्हणणे वाजवी आहे. कारण वाफा थांबवल्या म्हणून हृदयविकार कमी झाले, असे अजून कोणत्याही औषधाने दाखवलेले नाही.

इस्ट्रोजेनच्या बाबतीत तर तसे दाखवण्याचा मोठा प्रयत्न झाला, आणि तो फसला. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेली इस्ट्रोजेनची गोळी १९४२ पासून अमेरिकेत मिळत होती. स्त्रीच्या हृदयाचे रक्षण इस्ट्रोजेन करते, तर ते बाहेरून द्यावे हा तर्क इतका पटणारा होता की साठ-सत्तरच्या दशकांत झटका येऊन गेलेल्या पुरुषांनाही ते देऊन पाहिले गेले; त्यांच्यात रक्ताच्या गुठळ्या वाढल्याने इस्ट्रोजेनचा तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. तरीही १९७६ मध्ये सुरू झालेल्या परिचारिकांच्या अभ्यासात संप्रेरके घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला आणि विश्वास वाढतच गेला. ज्या स्त्रिया स्वतःहून ही गोळी मागतात त्या मुळातच जास्त शिकलेल्या, तब्येतीला जपणाऱ्या आणि डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या असतात, ही गोष्ट मागे पडली.

१९९८ मध्ये आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांच्या चाचणीत संप्रेरकांचा काही फायदा दिसला नाही. जुलै २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची १६,६०८ स्त्रियांची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन चाचणी मुदतीआधीच बंद झाली. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७, पक्षाघाताच्या ८, फुप्फुसातील गुठळीच्या ८ आणि स्तनाच्या कर्करोगाच्या ८ जादा घटना होत होत्या. खुब्याची हाडे मोडणे आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग मात्र कमी झाला होता. जगभरातल्या स्त्रियांनी घाबरून गोळ्या सोडल्या. पण त्या चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे उलटलेली, धमन्यांत थर आधीच बसलेले. पन्नाशीच्या, वाफांनी हैराण झालेल्या बाईचा प्रश्न त्या चाचणीने विचारलाच नव्हता.

पुढचे संशोधन ‘केव्हा द्यायचे’ या मुद्द्याभोवती फिरले. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस येथील हॉवर्ड होडिस यांच्या चमूने ६४३ स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध केली. पाळी जाऊन सहा वर्षे न झालेल्यांना इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन दिल्यावर कॅरोटिडची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला, दहा वर्षे उलटून गेलेल्यांत काहीही फरक पडला नाही. आज बहुतेक तज्ज्ञ संस्थांचे मत असे: साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेली, स्तनाच्या कर्करोगाचा, गुठळ्यांचा किंवा हृदयविकाराचा इतिहास नसलेली स्त्री वाफांच्या त्रासासाठी संप्रेरके घेऊ शकते, केवळ हृदय राखण्यासाठी ती घेऊ नयेत. त्वचेवर लावायच्या पट्टीतील किंवा जेलमधील इस्ट्रोजेन थेट यकृतात जात नाही, त्यामुळे त्यांच्यात गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी आढळतो.

पाळी अकाली जाणे हा मात्र वेगळा आणि अधिक गंभीर विषय आहे. ब्रिटनमधील सुमारे १,४४,००० स्त्रियांच्या माहितीवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चाळिशीच्या आत नैसर्गिकरीत्या पाळी गेलेल्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ३६ टक्क्यांनी, तर शस्त्रक्रियेने अंडाशय काढलेल्यांना ८७ टक्क्यांनी जास्त निघाला. अंडाशय काढल्यावर इस्ट्रोजेन वर्षानुवर्षे हळूहळू उतरत नाही, एका दिवसात संपते. वाफाही मग विलक्षण तीव्र असतात. महाराष्ट्रात याचा थेट संबंध बीड जिल्ह्याशी येतो. २०१९ मध्ये तेथील ८२ हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांच्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, आणि त्यांत तिशीतल्या बायका पुष्कळ होत्या. चर्चा झाली ती कोयत्याच्या मजुरीची, उचलीची, खाडा पडला की होणाऱ्या दंडाची आणि पैशासाठी ऑपरेशन सुचवणाऱ्या दवाखान्यांची. ती आवश्यकच होती. पण ज्यांचे अंडाशयही काढले गेले त्यांच्या हृदयाचे पुढच्या वीस वर्षांत काय होणार, हा प्रश्न तिच्यात फारसा आला नाही. अंडाशय राखले तरी गर्भपिशवी काढल्यावर ते सरासरीने लवकर थकतात. इतक्या लवकर पाळी गेलेल्या स्त्रीला, काही अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके द्यावीत हा सल्ला जगभर दिला जातो.

भारतीय स्त्रियांसाठी आणखी एक भर पडते. ‘स्वान’मध्ये गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी आणि जपानी वंशाच्या स्त्रिया होत्या, दक्षिण आशियाई नव्हत्या. त्यामुळे तिथली टक्केवारी जशीच्या तशी इकडे लावता येत नाही. पण ‘इंटरहार्ट’मध्ये दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका मध्यमानाने ५३ व्या वर्षी आला, इतरांना जवळजवळ ५९ व्या. पाळी लवकर जाते आणि हृदयविकारही लवकर गाठतो, म्हणजे मधला अवकाश इथे आणखी तोकडा.

व्यवहारात याचा उपयोग असा. वाफा सुरू झाल्या की त्या वर्षी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी आणि कमरेचा घेर मोजून घ्यावा. रक्तदाब आणि साखर यांची तपासणी तिशीपुढच्या सर्वांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, पाळी कोणत्या वयात गेली, हेही डॉक्टरांना सांगावे. दोन्ही गोष्टी धोक्याच्या हिशेबात धरल्या जातात आणि दोन्ही आपणहून विचारल्या जातातच असे नाही. वाफांसाठी संप्रेरके नको असतील तर काही नैराश्यरोधक औषधे कमी मात्रेत, गॅबापेन्टिन किंवा बोधात्मक वर्तन-उपचार यांचा उपयोग होतो, वजन उतरल्यानेही फरक पडतो. सोयाबीनच्या गोळ्या आणि बाजारात मिळणारी चूर्णे यांच्यामागे पुरेसा पुरावा नाही. व्यायामाने वाफा कमी होतात असे चाचण्यांत ठामपणे दिसलेले नाही, हे ऐकून अनेकींचा विरस होतो. हृदयासाठी मात्र त्याची तोड दुसऱ्या कशाला नाही.

एक गल्लत विशेष टाळायची. धडधड आणि घाम ही वाफेची लक्षणे तशीच हृदयविकाराचीही, आणि थायरॉइड वाढल्याचीही. स्त्रियांना झटका येताना बहुधा छातीत दुखते, पण त्यासोबत दम लागणे, मळमळ, जबडा किंवा पाठ भरून येणे, कमालीचा थकवा यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असते, आणि ‘पाळी जायच्या वयातले आहे’ म्हणून ते घरातच नाही तर दवाखान्यातही बाजूला सारले जाते. वाफ वर चढते आणि काही मिनिटांत ओसरते. छातीवर दाब, दम किंवा गार घाम असेल, जिना चढताना त्रास वाढत असेल, किंवा दहा-पंधरा मिनिटांत तो उतरला नसेल, तर ती वाफ समजून थांबू नये आणि लगेच ईसीजी काढावा.